आउटरला थांबलेली रॅप्सडी

आमच्या घरी पियानो आला तो केळीच्या पाल्यात गुंडाळून. सावद्याकडच्या आमच्या गावात जपून न्यायची म्हणून जी काही वस्तू असे, ती केळीच्या पाल्यातच जायची आणि यायची. वॅगनमध्ये घड रचताना खालीवर पाला घालतात, तसाच माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो पियानो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा करून चारी बाजूंनी वाळका पाला ठासला होता आणि भुसावळहून घरापर्यंत स्वतः त्याला धरून उभे राहिले होते. खरं तर ते गेले होते वॅगन मिळवायला. केळी कापायला झाली, की रेल्वेच्या हापिसात चकरा मारणं हा त्यांचा नेमच होता. त्या दिवशीही वॅगन मिळाली नाही. पण बाहेर पडताना रेल्वेच्या एका जुन्या क्लबातलं सामान लिलावात निघालेलं त्यांना दिसलं. आज रिकाम्या हाताने परत जायचंच नाही, अशा रागात त्यांनी समोर दिसेल ते घेतलं. समोर टेबल-टेनिसचं टेबल असतं, तर मी आज कोण झाले असते, हा विचार माझ्या मनात अजूनही अधूनमधून येतो.

पियानो आत घ्यायला पुढच्या खोलीचा दरवाजा चौकटीसकट काढावा लागला. माझे आजोबा, नाना, ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. घराचा कारभार नानांकडे, मळा नानांचा आणि गावात दोन भाऊ बांधावरून भांडले, तर निवाडाही नानांचाच. पियानो जागेवर बसल्यावर ते आत आले. त्यांनी त्याच्याभोवती जमेल तेवढी फेरी मारली, झाकण उचलून एक पट्टी दाबली, आवाज पार विरेपर्यंत मान तिरकी करून थांबले आणि अण्णांना म्हणाले, "याले खायाले काय लागते?"

"काही नाही लागत, नाना."

"मंग राहू दे," नाना म्हणाले आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला पियानो कोणी म्हटलं नाही. ती पेटी झाली. देवळातल्या भजनाला जी होती, ती लहान पेटी आणि आमच्याकडे होती, ती मोठी पेटी. आई तिच्यावर पापडाचे पाट ठेवायची. आमच्याकडचा उन्हाळा असा, की दुपारी पट्ट्यांना हात लावला तर चटका बसायचा, आणि पावसाळ्यात त्याच पट्ट्या फुगून एकीला दाबलं की शेजारणीलाही खाली घेऊन जायच्या. डावीकडची एक पट्टी तर खाली गेली की वर यायचं नावच काढत नसे. तिला करंगळीने उचकून वर आणायची सवय मला इतकी लागली, की पुढे दुसऱ्यांच्या चांगल्या पियानोवरही माझी करंगळी तिथे उगाच झटका द्यायची.

पेटीबरोबर पिंटो सरही जवळजवळ फुकटच आले. ते मालगाडीचे निवृत्त गार्ड. ड्युटी संपली की क्लबात जाऊन हाच पियानो वाजवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि लिलावाच्या दिवशी ते त्याला निरोप द्यायला इस्त्रीचा कोट घालून आले होते. ट्रॉलीत पाला भरणाऱ्या अण्णांना त्यांनी विचारलं, "किधर ले जा रहे हो?" अण्णांनी गाव सांगितलं. पुढच्या रविवारी सर पॅसेंजरमधून उतरून, स्टेशनपासून चालत, घामाघूम होऊन आमच्या दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत लोको शेडमधल्या मित्राकडून घासून आणलेला एक पाना. तो पाना घेऊन ते दिवसभर पेटीच्या पोटात डोकं घालून बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "अब बोलो, सीखेगा कौन?" माझे दोघे भाऊ मागच्या दाराने पळाले. मी पळाले नाही, कारण मी तेव्हा चुलीपाशी बट्ट्या तळत होते आणि कढई सोडून पळण्याची मुभा मुलींना नव्हती. अशी माझी संगीतात निवड झाली. सरांनी शिकवणी कधी मागितली नाही. त्यांना रविवारचं वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी पुरे असे. बट्टी तुपात बुडवून ती डोळे मिटून खाणारा तो एकच ख्रिश्चन गार्ड आमच्या गावाने पाहिला.

दोनतीन वर्षं साध्यासुध्या चाली झाल्यावर सरांनी एका रविवारी पिशवीतून एक जाड, पिवळी पडलेली वही काढली. तिला वाळवीने खाल्लं होतं. मुखपृष्ठावर करणाऱ्याचं नाव उरलं नव्हतं, कितवी ते उरलं नव्हतं. उरला होता तो एकच शब्द, रॅप्सडी. तिकडच्या मुलखातले गावोगाव फिरणारे वाजंत्री जे वाजवतात, त्या चाली घेऊन कुठल्याशा बड्या उस्तादाने ती बांधली आहे, एवढंच सर म्हणाले. मी वही उघडली आणि लगेच मिटली. पानं काळीकुट्ट होती, एवढे सूर एकमेकांच्या डोक्यावर बसले होते. सर म्हणाले, "डरना नहीं. ये गाडी है. मैं गार्ड, तू ड्रायव्हर." आणि त्यांनी मला ती सगळी रचना रेल्वेच्या भाषेत समजावली. पुढे मी पुस्तकं वाचली, जाणकारांची भाषणं ऐकली. पण रॅप्सडी म्हणजे काय हे सरांइतकं सरळ मला कोणी सांगितलं नाही.

पहिला भाग म्हणजे यार्डातून निघालेली मालगाडी. सगळं सावकाश आणि उदास सुरांत. डावा हात खाली जड ठोके देतो, उजवा हात वर एक चाल धरतो, तीही एका दमात नाही. अडत, रेंगाळत, मध्येच उसासा टाकत. ती चाल पुन्हा पुन्हा येते, पण आली तशी परत येत नाही. दर खेपेला तिला नव्या बारीक सुरांची झालर लागते, आणि त्या झालरीला ताल नाही, ती वाजवणाऱ्याच्या मर्जीने घ्यायची. मला वाटायचं मर्जी म्हणजे सोपं. पण मर्जीने वाजवायला बसलं, की हात म्हणायचे, तूच सांग काय करू. मग हा भाग संपतो आणि पानावर एक अर्धगोल येतो, त्याच्या पोटात टिंब. त्या खुणेला सर सिग्नल म्हणत. तिथे हात उचलायचे, मांडीवर ठेवायचे आणि गप्प बसायचं. मी लगेच पुढे वाजवायला जायची आणि सर फूटपट्टीने माझ्या बोटांवर मारायचे. स्टेशनाबाहेर गाड्या अडवून ठेवणारा जो सिग्नल, तो आउटर. "आउटर! आउटर! गाडी खडी है, पहुँची नहीं!" ते इतक्या मोठ्याने ओरडायचे, की गल्लीतली कुत्री उठून बसत.

दुसरा भाग म्हणजे मेल. तो सुरू होतो मुंगीच्या पावलांनी, वरच्या एकाच पट्टीवर हलके हलके टिचक्या मारत. मग एक नाचाची चाल येते, ती दोनदा वाजते न वाजते तोच दुसरी येते, मग तिसरी. कोणाचा कोणाशी संबंध नाही. पण आलेली प्रत्येक चाल आधीच्या चालीहून थोडी धावती आणि थोडी दांडगी. "इन सबको कौन बाँधता है?" सर विचारायचे, आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "स्पीड!" उदासपणा कधी गेला ते कळत नाही, एकदम सगळे सूर उजळ झालेले असतात. आणि गाडी भरात असताना, आता हात निखळून पडतील असं वाटत असताना, पुन्हा सिग्नल. पुन्हा थांबा. यानंतरचं पान वाळवीने सबंध खाल्लं होतं. मी घाबरून विचारलं, इथे काय वाजवू? सर म्हणाले, या जागी बडे उस्ताद तसेही स्वतःच्या मनाचं वाजवतात, तूही वाजव. मी कधी आरती घालायची, कधी एस.टी.चा हॉर्न. त्यानंतर शेवटची दौड, दोन्ही हातांनी एकच चाल पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग स्टेशन. स्टेशनही सरळ येत नाही. एक धडाका, मग थांबा. दुसरा धडाका, पुन्हा थांबा. शेवटचा कुठला, हे ज्याला ठाऊक असतं त्यालाच ठाऊक.

हे सगळं मी रोज सकाळी चहा झाल्यावर वाजवायची. खिडकीबाहेर ओट्यावर नाना धोतर-टोपी करून, पायात जोडे घालून, हातात काठी घेऊन तयार बसलेले असत आणि दर थोड्या वेळाने आत ओरडत, "ए विजू, आटप लवकर! कान फुटले आमचे! मले मळ्यात जायचं हाये!" मी म्हणायची, "हो नाना, आटोपते." आणि ते पुन्हा टोपी सारखी करून बसत. त्यांना मळ्यात जायला मी कुठे अडवत होते, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडला नाही, मलाही नाही. नाना पेटीवर चिडतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीकडे कोण कशाला बघतो? आता जळगावच्या या फ्लॅटमध्ये माझी नात कानात बोंडं घालून गाणी ऐकते, तिला काय आवडतं ते मला कळत नाही आणि मी काय वाजवते ते तिला. एका खोलीतलं वाजवणं सबंध घराला आणि अर्ध्या गल्लीला सोसावं लागे, तेव्हा कोणाच्या मनात काय रुजतं त्याचा पत्ता लागत नसे, एवढं मात्र खरं.

आणि मग ती आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशातल्या बायकांची दिवाळी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, दिवसभर झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि त्या चार दिवसांत त्यांना कोणी उठ म्हणत नाही. आमच्या घरात तर एक रीतच होती, की आखाजीला आलेल्या लेकीने माहेरचं जे मागितलं ते द्यायचं. आजवर लेकींनी लुगडं मागितलं होतं, एकदा गाभण म्हैस मागितली होती. आमची इंदूआत्या धुळ्याला दिलेली. ती चाळीसगाववरून गाडीने आली ती तणतणत, कारण भुसावळच्या आउटरला तिची गाडी उन्हात इतकी रखडली, की तिच्या डब्यातल्या एका बाईने तिथेच टरबूज कापून सगळ्यांना वाटलं. धुळ्याला राहून तिच्या तोंडात तिकडची बोली इतकी बसली होती, की ती बोलू लागली की आम्ही पोरं तोंडाला पदर-रुमाल लावायचो. हातपाय धुऊन ती पुढच्या खोलीत आली, पेटीवरचा पापडाचा पाट उचलून खाली ठेवला आणि नानांना म्हणाली, "नाना, माले हाई पेटी जोयजे."

पेटी मागायचं कारण असं होतं, की आत्याच्या सासऱ्यांचं धुळ्याला भजनी मंडळ होतं. आत्याने तिथे कधीतरी सांगितलं, की आमच्या माहेरी एक पेटी आहे ती बैलगाडीत मावत नाही. सासरे हसले. मंडळातले टाळकरी हसले. तेव्हापासून कोणी काही वाढवून सांगितलं, की त्या घरात म्हणत, "इंदूनी पेटी शे वाटतं." आत्याला ती पेटी वाजवायची नव्हती. तिला ती सासऱ्यांच्या दारात नेऊन उभी करायची होती. मी आत्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि मला रडू फुटलं. शाळा सुटली होती, पुढे शिकवायचं की उजवायचं यावर घरात खल चालू होता, आणि त्या सगळ्यात माझी म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट होती. नाना बराच वेळ काठीने जमीन टोकरत बसले. लेकीला नाही म्हणता येत नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "पोर शिकून राह्यली तिच्यावर. काही येते का नाही ते तरी पाहू. आलं तं पेटी आठीच राहीन, नाई आलं तं तू घेऊन जाय."

आत्या काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने लगेच अट बांधली, मी मध्ये थांबले की पेटी तिची. "तिनी बठ्ठं वाजाडी दखाडं पाहिजे. सुरुवातपाईन शेवटलोंग, मधमा थांबानं नही. थांबनी का पेटी मनी."

"ठरलं," नाना म्हणाले.

मी ओरडणार होते, की त्या रचनेतच थांबे आहेत, थांबल्याशिवाय ती होतच नाही. पण नाना ठरलं म्हणाले, की गावातले दोन भाऊही गप्प बसत. मी सरांकडे निरोप धाडला. सरांनी उलट निरोप दिला, की घाबरू नकोस, मी स्वतः येतो आणि तिथे उभा राहून सगळ्यांना सांगतो, की सिग्नल म्हणजे काय. माझ्या जिवात जीव आला. माझ्या बाजूने बोलायला एक माणूस होता, तोही कोट घालणारा.

आखाजीच्या दिवशी सर आले. पण आले ते जेवणाच्या वेळी, आणि तिथेच घात झाला. आईने खापरावर मांडे केले होते, एकेक मांडा सुपाएवढा, आणि पाटीभर आंब्यांचा रस काढला होता. सरांनी पहिला मांडा रसात बुडवून खाल्ला, आणि बट्टीच्या रविवारसारखे त्यांचे डोळे मिटले. "सर, बेतानं," मी कानात म्हटलं. "वाजवायचंय अजून." सर म्हणाले, "तुझे बजाना है, बेटा. मुझे तो सिर्फ बोलना है." आणि आईने आग्रह करायचा आणि सरांनी नाही म्हणायचं नाही, असा त्यांचा दोघांचा सामना सुरू झाला. वर सार, वर कुरडया, वर पुन्हा रस. जेवण उरकून सगळे पुढच्या खोलीत जमले, तेव्हा सर भिंतीकडच्या बाजेवर टेकले, मला म्हणाले, "मैं हूँ ना," आणि झोपले. नुसते झोपले नाहीत, घोरायला लागले. मी त्यांना हलवलं, आईने डोळ्यांना पाणी लावलं. काही उपयोग झाला नाही. आमरस-मांड्यांवर झोपलेल्या माणसाला उठवणं आमच्याकडे कोणाला जमलेलं नाही.

खोली भरली होती. झोक्यावरच्या सगळ्या बाया उठून आत आल्या होत्या, खिडकीला ओलं बारदान लावलं होतं, गडीमाणसांची सालं, म्हणजे वर्षभराच्या कामाची बोली, त्या दिवशी संपलेली, तेही नवे कपडे घालून दारात बसले होते. नाना खोलीत आले नाहीत. ते आपल्या जागी ओट्यावर, खिडकीखाली, जोडे घालून बसले. मी गोल फिरणाऱ्या स्टुलावर बसले. हात परकराला पुसले, पुन्हा पुसले आणि सुरू केलं.

पहिला भाग मी बरा वाजवला. डाव्या हाताचे ठोके जड पडले, चाल रेंगाळली, झालरी लागल्या. मागून कोणीतरी बाई नाक ओढत म्हणाली, "कोन गेलं वं हिचं?" करंगळीने ती हट्टी पट्टी उचकून वर आणली. आणि सिग्नल आला. मला वाटलं, थांबूच नये, सरळ पुढे जावं, पेटी वाचेल. तसे हात निघालेही. पण इतक्या रविवारी बोटांवर बसलेली फूटपट्टी ते हात विसरले नव्हते. ते आपोआप उचलले गेले आणि मांडीवर जाऊन पडले. खोलीत सरांचं घोरणं तेवढं.

"थांबनी!" आत्या ताडकन उठली. "दखा बठ्ठा जण! तिना हात मांडीवर शेतस! पेटी मनी! अरे, दोर आना रे!"

दारातले गडी खरोखर उठले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी म्हणालं, चांगलं झालं पण लहान झालं. मी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी त्या पट्ट्यांवर पडायला लागलं. आणि खिडकीतून, ओल्या बारदानाच्या पलीकडून, आवाज आला, "बस खाली, इंदू. थांबली नाई ती. आउटरले उभी हाये."

सगळी खोली खिडकीकडे वळली. नानांचा चेहरा दिसत नव्हता, बारदानावर टोपीची सावली तेवढी होती.

"आउटर?" आत्या म्हणाली. "हाई काय पेटी शे का आगगाडी?"

"परवा तुही गाडी आउटरले उभी होती का नाई?"

"व्हती ना! दुपारभर व्हती!"

"तवा तू पोचली होती का?"

ज्यांनी ज्यांनी डोक्यावर गाठोडं घेऊन, दारात उभं राहून, समोर दिसणाऱ्या भुसावळकडे हताश पाहिलं होतं, आणि त्या खोलीत असं नसलेलं कोणी नव्हतं, त्या सगळ्यांनी माना हलवल्या. केळीची वॅगन आउटरला अडकली म्हणजे काय, हे तर तिथल्या पोराटोरांना ठाऊक होतं. दारातले गडी पुन्हा बसले. आत्याही बसली, पण कडेला टेकून, कधीही उठता येईल अशी.

मी नाक पुसलं आणि वरच्या पट्टीवर टिचक्या मारल्या. दुसरा भाग सुरू झाला. पहिली चाल, दुसरी, तिसरी. मागच्या बाया आधी नुसत्या बघत होत्या, मग एकीच्या बांगड्या वाजू लागल्या, मग दारातल्या एका गड्याने मांडीवर ठेका धरला. मी सुटले होते. कुठे सूर चुकले, कुठे तापलेल्या पट्ट्यांनी बोटांना चटके दिले, पण सर म्हणायचे तसं स्पीडने सगळं बांधून ठेवलं. भरात आल्यावर दुसरा सिग्नल आला आणि हात पुन्हा मांडीवर गेले. मी घाबरून आत्याकडे पाहिलं. आत्याने तोंड उघडलंही, पण तिच्याआधी अर्धी खोली एकमेकींना सांगत होती, "आउटर हाये, आउटर!"

आता ते खाल्लेलं पान. मी काहीच ठरवलं नव्हतं. आरती आठवेना, हॉर्नही आठवेना. सकाळपासून लिंबाखाली झोक्यावर ज्या गाण्याची एकच चाल चालली होती, तीच बोटांत उतरली. इंदूआत्या लग्नाआधी झोक्यावर उभी राहून, पाय ताणून जे म्हणायची तेच ते गाणं. मी ते हळू वाजवलं, मग त्याला झालर लावली, मर्जीने, आणि पहिल्यांदाच मला मर्जी म्हणजे काय ते कळलं. मागून कोणीतरी गुणगुणायला लागलं. आवाज मी ओळखला. धुळ्याच्या बोलीतला नाही, आमच्या गावच्या बोलीतला, लग्नाआधीचा. मग बाकीच्या बायांनी उचललं, आणि मला पुढच्या दौडीला निघायला त्यांची कडवी संपेपर्यंत थांबावं लागलं. त्या थांब्याला कोणी हरकत घेतली नाही.

शेवटची दौड कशी झाली ते मला सांगता येत नाही. हात माझे नव्हतेच. पेटी थरथरत होती, तिच्यावर सणाची म्हणून ठेवलेली समई खाली पडली. धडाका, थांबा. धडाका, थांबा. आणि शेवटचा धडाका. मी हात मांडीवर ठेवले आणि मागे वळून पाहिलं. कोणी हललं नाही. टाळी नाही, शब्द नाही. सगळ्या खोलीने पहिल्या सिग्नलला फसून धडा घेतला होता. आता कोणी स्वतःची फजिती करून घ्यायला तयार नव्हतं. आत्या माझ्याकडे बघतेय, मी आत्याकडे. हळूहळू सगळी तोंडं खिडकीकडे वळली.

बारदान बाजूला झालं. नानांनी आत डोकं घातलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आली. उतरा आता."

मग जो गलका झाला, तो मी आयुष्यात नंतर कुठल्याही सभागृहात ऐकला नाही. बाजेवर पिंटो सर दचकून उठून बसले, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "कौन सा टेशन?" आत्या रडत होती आणि हसतही होती. माझा गाल कुरवाळत म्हणाली, "तुनीच ऱ्हाऊ दे व माय पेटी." पण लेक आखाजीहून रिकाम्या हाताने कशी जाईल? जाताना ती ते फिरणारं स्टूल घेऊन गेली. धुळ्याच्या दारात स्टूल ठेवून तिने सासऱ्यांना म्हणे सांगितलं, की हे नुसतं बसायचं आहे, यावरून पेटीचा अंदाज करा. मी त्यानंतर कितीतरी वर्षं पिठाच्या उपड्या डब्यावर बसून वाजवलं.

पण त्या दुपारी, सगळे अजून बोलत असताना, मी पाणी प्यायला बाहेर आले तर नाना ओट्यावरून उतरत होते. काठी हातात, जोडे पायात. बाहेर आखाजीचं ऊन होतं, बैलसुद्धा सावलीला बांधलेले. गडी सगळे आमच्याच दारात बसलेले, मळ्यात चिटपाखरू नसणार. आईने आतून हाक मारली, "नाना, आज सणाचं, या उन्हात मळ्यात कुठे निघालात?"

नानांनी मागे पाहिलंही नाही. "रोज जातो ना," ते म्हणाले, "तिचं संपलं का मंग जातो."